बारशाच्या पत्रिकेवरचं ‘विथ फॅमिली’

पंचवटी, नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तू कांद्याच्या लिलावात असतोस, म्हणून पत्र. तुझ्या लेकीच्या बारशाची पत्रिका एकलहऱ्याला, माझ्या सासरी पोचली. पाकिटावर माझ्या नवऱ्याचं नाव, पुढे ‘विथ फॅमिली’. त्यानेच मला फोटो पाठवून विचारलं की, यात कोण कोण धरायचं? त्याला सोडून मी इथे एकटी राहते, हे सगळ्या लासलगावाला ठाऊक आहे. एक तूच राहिलास वाटतं.

मी पाचवीला इंग्रजी शिकवते. चमच्याने खाल्लं तरी विथ, रागाने बोललं तरी विथ, मैत्रिणीसोबत गेलं तरी विथ, हे पोरांना लगेच समजतं. पण ज्याचं घर सोडलं त्याच्याच मागे बांधून बहिणीला बोलवायचं, हा उपयोग कुठल्या पुस्तकात नाही. तो तुझा शोध!

असो. आत्या मी आहे. बाळाच्या कानात कुर्र करून नाव मीच सांगणार आणि पाठीवर धपाटेही मीच खाणार. येऊ ना?

वहिनीला नमस्कार, आणि माझी थोडी आठवण तूही ठेव.

तुझी,
राखी

लासलगाव
६ फेब्रुवारी २०२५

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ शाळेतच ठेवून येत जा. पत्रिका जावयाच्या नावानेच घालतात. तुझ्या एकटीच्या नावाने घातली असती, तर चार लोकांनी चार प्रश्न विचारले असते. तू ये. कुणी विचारलंच तर पाव्हणे ड्यूटीवर आहेत म्हण. नाव मात्र आपली चुलत बहीण आरोही सांगेल. शुभकार्याला नांदती बाई बरी, असं काकूंचं म्हणणं पडलं. तुझ्यासाठी साडी घेतली आहे, राग धरू नकोस.

तुझ्या मायेचा भुकेला,
दीपकदादा

लासलगाव
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय राखीताईंस,
सप्रेम नमस्कार.

ह्यांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. मी वाचलं आणि हा कागद आत सरकवला. मला फार लाज वाटली, ताई. बाळंतपणात मला रक्त लागलं तेव्हा तुम्ही धावत येऊन दिलंत. त्या दिवशी तुम्ही नांदत्या आहात का, हे कुणीच विचारलं नाही. नांदत्या काकू तर दवाखान्याकडे फिरकल्याही नाहीत.

रविवारी बारशाला ह्यांनी आणि काकूंनी मंडपात खुशाल पंगती वाढाव्यात. मी पोरीला घेऊन सकाळच्या एसटीने तुमच्याकडे येते. ह्यांना अजून बोलले नाही, मंडपात कळेलच. पाळण्याची खटपट करू नका, तुमची मांडी पुरे. नाव मी ठरवलेलं नाही. तुम्ही तिच्या कानात सांगाल, ते मला मागाहून सांगा.

तुमचीच,
रूपाली