उन्हातली भोजली

माय, दुपारचं आटोपलं, घरखर्च लिहून झाला. वहीची मागची कोरी पानं मी फाडून ठेवत असते, वाया कशाला घालवायची. त्यातल्याच एकावर हे लिहिते आहे. तू जाऊन किती वर्षं झाली, ती जाऊनही झाली, आणि मी रोज देवापुढे बसणारी, एकादशी न चुकवणारी बाई. तरी तिचा हेवा काही माझ्या मनातून जात नाही.

बाबा गेल्यावर मामांनी आपल्याला भिलाईला आणलं, तेव्हा इथे कारखाना कुठे होता, नुसते खड्डे. पायाच्या खड्ड्यातून तू डोक्यावर माती वाहायचीस आणि ती तुझ्यापुढे चालायची. इथल्याच गावची, नवऱ्याला सोडून आलेली, हसताना मान मागे टाकणारी. तिचं टोपलं तू उचलून द्यायचीस, तुझं ती. मग एका श्रावणात, राखीच्या दुसऱ्या दिवशी, तळ्यावर तुम्ही एकमेकींच्या कानांमागे भोजली खोवली. गव्हाचे कोवळे कोंब ते, पण इकडे त्यांचा मोठा मान. एकदा कानाला लागले की त्या दोघी जन्माच्या सख्या झाल्या. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, नुसतं भोजली म्हणायचं. तिला मी फुलदाई, म्हणजे दुसरी आईच, म्हणावं अशी रीत होती. मी कधी म्हटलं नाही. आजही ‘ती’च लिहिते आहे.

ती आपल्या झोपडीत राहायला आली. गोधड्या दोनच होत्या. एक आपण मायलेकी पांघरायचो, दुसरी पाव्हण्यासाठी घडी करून ठेवलेली. ती आल्यावर एक तुम्हा दोघींची झाली आणि दुसरी माझी एकटीची. शेजारणी म्हणायच्या, “पोरीची मजा हाय, एकटीले अख्खी गोधडी.” त्या अख्ख्या गोधडीत मी पाय पोटाशी घेऊन निजायचे आणि तुमचं हळू हळू हसणं ऐकत राहायचे. दिवसभर माती वाहून आलेल्या बायकांना एवढं हसू कशाचं येतं, हे मला कळत नसे. बाबांसोबत तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या श्रावणात मीही गहू पेरले. डालड्याच्या डब्याचं झाकण घेतलं, त्यात माती भरली. तिनं आपलं घमेलं खाटेखाली झाकून ठेवलं होतं. मला वाटलं, अंधारात काय उगवणार? मी माझं झाकण उन्हात ठेवलं आणि जपलं. राखीच्या दुसऱ्या दिवशी तिची भोजली निघाली हळदीसारखी पिवळी आणि माझी हिरवीगार. भोजली अंधारातच वाढवायची असते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तरी मी ती तुझ्या कानामागे खोवायला आले. तू माझा हात धरलास.

“नोको करू. मायलेकीत नाही लागत भोजली.”

“कावून नाही लागत?”

“रक्ताचं हाय ते हायेच, बाई. हे परक्याशी लागते. हे आपण निवडा लागते.”

ती हसली. “ए टूरी, तोर दाई ला मैं नइ लेगत हंव.” तुझ्या आईला मी नेत नाही, म्हणत होती. नेलंच तर होतं. माझी हिरवी भोजली तू शेजारच्या शेळीला घातलीस. वाया कशाला घालवायची, म्हणालीस.

मला मॅट्रिक केलंस, स्थळही तूच पाहिलंस. माणूस चांगला मिळाला, तक्रार नाही. पण ते निवडणं म्हणालीस ना, ते माझ्या वाट्याला आलं नाही. मला कोणी निवडलं नाही आणि मीही कोणाला नाही. तू गेलीस त्या सकाळी मी तुझ्या पायाशी बसले होते, तर ओसरीवर काच फुटल्याचा आवाज आला. तिनं बांगड्या फोडल्या होत्या. नवऱ्याला सोडून आली तेव्हाही जिनं हात भरलेले ठेवले, त्या बाईनं. बायका कुजबुजल्या. मला कोणी समजवायची गरज पडली नाही. आणि देव क्षमा करो, तेव्हाही मनात आलं ते एवढंच, की आता माझ्यापेक्षा हिचं दुःख मोठं ठरणार.

यंदा श्रावण लागला तेव्हा इथल्याच हुडको वसाहतीतून नात आली, सोबत तिची मैत्रीण. दोघी एकाच घरात राहतात, दोघी नोकरी करतात. मी तांदूळ निवडत होते. नात म्हणाली, “आजी, हम दोनों ऐसेच रहेंगे. लग्न-बिग्न काही नाही. तुले समजून राहिलं ना?”

म्हटलं, “समजते. मी तशाच घरात वाढली.”

ती मैत्रीण आतापर्यंत खाली पाहत होती, तिनं मान वर केली. मग मी तुमचं सगळं सांगितलं. नातीनं हट्टच धरला, “हमको भी भोजली लगवा दो.” कोठीच्या अंधारात मी टोपलीत गहू पेरले. या वेळी पिवळे धमक आले. राखीच्या दुसऱ्या दिवशी दोघींनी माझ्यासमोर कोंब खोवले. त्या पोरीनं नातीची बट आधी बोटानं मागे सारली. तशीच तुझी ती सारायची. माझ्या छातीत तेच जुनं दुखलं, या वयात.

हे पान कुठे पाठवायचं? घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवीन. एक सांगायचं राहिलं. कोठीत पेरले त्याच दिवशी एका वाटीत थोडे गहू मी खिडकीतही ठेवले होते, उन्हात. नातीनं विचारलं तर म्हटलं, चिमण्यांसाठी आहेत. हिरवेगार आलेत, माय. चिमण्यांना मी हाकलते आहे.