फ्रीजमधले पट्टे

२ एप्रिल, सोमवार

हातात घालायचे पट्टे आले! दिसायला घड्याळासारखे, पण वेळ दाखवत नाहीत. उकडतंय का ते दाखवतात. म्हणजे आता आपल्याला उकडतंय हे कळायलाही मशीन लागणार. धन्य आहे!

हॉटेलांची जी मोठी कंपनी आमच्या लाँड्रीत चादरी-टॉवेल धुवायला पाठवते, तिचा माणूस घेऊन आला. शर्ट हिरवा, पाण्याची बाटली हिरवी, गळ्यातली ओळखपत्राची दोरीसुद्धा हिरवी. वन्संनी तिथल्या तिथे त्याचं बारसं करून टाकलं — हिरवा साहेब! आम्हा सगळ्या बायकांना रांगेत उभं करून त्याने भाषण ठोकलं. पृथ्वी तापतेय, कामगार म्हणजे आमचं कुटुंब, आणि काय काय. तेवढा वेळ त्याची गाडी बाहेर चालूच. ड्रायव्हर आत एसी लावून बसलेला.

नियम असा — आसपासची हवा फार तापली की पट्टा किंचाळणार. एका पाळीत तीनदा किंचाळला की त्या दिवसापुरता आमचा माल बंद, गाडी दुसऱ्या लाँड्रीकडे. कोण ठरवणार? कॉम्प्युटर! त्याला म्हणे लांब बसून सगळं दिसतं.

"मग पंखे द्या की," वन्सं म्हणाल्या.

"पंख्यांचं बघू. आधी आकडे तर येऊ द्या."

पट्ट्यांबरोबर एक फ्रीज पण पाठवलाय. नवा कोरा, फुकट! दारावर हिरवं पान चिकटवलेलं. निदान पाणी तरी गार मिळेल.

४ एप्रिल, बुधवार

पट्टे सकाळपासून कोकलतायत. रोलरपाशी दुसरं काय होणार? वाफेवर तापलेला लोखंडी रोलर तो. एका बाजूने वन्सं ओली चादर आत सोडतात, दुसऱ्या बाजूने ती इस्त्री होऊन माझ्या हातात येते. मध्ये नुसती वाफ आणि घरघर. एकमेकींचं तोंड दिसत नाही, हाक ऐकू येत नाही. म्हणून आमची एक खूण आहे. वन्संना थांबायचं असलं की त्या चादरीचा कोपरा दुमडून आत सोडतात. माझ्याकडे तो पक्का दाबला जाऊन येतो. की मी लाल बटण दाबते. पाणी प्यायचं असो, मोरीत जायचं असो, हेच. सासरी आल्यापासून या नणंदेशी मी तोंडाने कमी आणि चादरीने जास्त बोलले असेन.

दुपारीच माल बंद झाला. आमची मजुरी नगावर. चादर नाही तर मजुरी नाही. आम्हाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून भर उन्हात घरी पाठवलं!

५ एप्रिल, गुरुवार

परत बंद.

६ एप्रिल, शुक्रवार

आज माझं डोकं चाललं!!

पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडला आणि मनात आलं, पट्टा हातातच आहे की नाही हे त्या शहाण्या कॉम्प्युटरला कुठे कळतंय? काढला आणि ठेवून दिला बाटल्यांशेजारी. पट्टा एकदम गप्प. मग काय, सगळ्यांनी काढले. एका रांगेत गारेगार झोपवले. संध्याकाळपर्यंत गाडी भरून माल निघाला.

"वहिनी, तुम्ही कंपनीत साहेबच व्हायला हव्या होत्यात," वन्सं म्हणाल्या. हसून हसून पोट दुखायला लागलं. मालकाने पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं करून निघून गेला.

११ एप्रिल, बुधवार

टीव्हीवर यांची आवडती चर्चा. एक म्हणतो जग बुडालं, दुसरा म्हणतो काही झालेलं नाही, तिसऱ्याला कोणी बोलूच देत नाही. सगळे कोटात! एवढं ऊन आहे तर कोट काढा ना आधी.

हे म्हणाले, "ऊन काय आज पडायला लागलंय? धंदा आहे सगळा." मला पटतं ते. आज टॉवेलांच्या ढिगात हॉटेलचं कार्ड सापडलं — टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वीसाठी एवढं कराच. टॉवेल धुवायला कमी पाठवले तर वाचलं ते हॉटेलचं आणि गेलं ते आमचं. यात पृथ्वी कुठे आली?

पण वन्सं जेवता जेवता म्हणाल्या, "धंदा असेल रे बाबा. पण पूर्वी एप्रिलात मला घाम यायचा. आता घामसुद्धा येत नाही." हे हसले. मीही हसले.

१९ एप्रिल, गुरुवार

आम्हाला बक्षीस! 'सर्वांत थंड कामाची जागा.' काचेच्या चौकटीत कागद, खाली तीन सह्या. आठ डिग्री दाखवतोय म्हणे आमचा आकडा. आठ! त्या कॉम्प्युटरला वाटत असेल, इथे बायका स्वेटर घालून इस्त्री करतात. मालकाने ती चौकट रोलरच्या वर लावली. दुपारपर्यंत आत वाफ शिरून कागद वाकडा झाला.

हिरव्या साहेबाने आमचे फोटो काढले. पट्टे घालून! तेवढ्यापुरते फ्रीजमधून काढले. मनगटाला असा काही गारवा लागला की परत ठेवावासाच वाटेना.

२५ एप्रिल, बुधवार

मालकाकडे पंखे मागायला गेलो. त्याने भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. "कंपनीला काय सांगू? आठ डिग्रीत पंखा हवाय?"

आता बोला!

३० एप्रिल, सोमवार

उन्हाने कहर केलाय. नदीपलीकडच्या दोन लाँड्र्या बंद पडल्या. त्यांचे पट्टे रोज कोकलत होते. बिचाऱ्यांना युक्ती सुचली नसेल. त्यांचा सगळा माल आता आमच्याकडे वळवलाय. का? तर आमची जागा थंड! ड्रायव्हरने फोनवर दाखवलं. नकाशात सगळीकडे लाल लाल ठिपके, आणि मधोमध आम्ही एकटे निळे. कॉम्प्युटरनेच ठरवलं, माणसाचा हात लागलेला नाही, असं मोठ्या कौतुकाने म्हणाला.

दोन गाड्यांच्या जागी चार गाड्या. बायका खूश. मीही होते खूश, कशाला खोटं लिहू?

५ मे, शनिवार

वन्संना उलटी झाली. पोटऱ्यांत गोळे येतायत. मी म्हटलं, उद्याची सुट्टी आहेच, सोमवारीही येऊ नका. तर म्हणतात, "माझ्यासारखी सरळ चादर सोडणारी दुसरी आहे का तुमच्याकडे?" नाहीच आहे. तिरकी गेली की रोलर चादर खातो.

दुपारी फ्रीजचं दार उघडून आत डोकं घालून उभ्या होत्या. "पट्ट्यांची मजा आहे हो वहिनी. पुढच्या जन्मी पट्टाच होईन म्हणते." सगळ्या हसल्या. वन्संचं हसणं नेहमीसारखं मोठ्याने आलं नाही. लक्षात आलं माझ्या, पण गाडी भरायची होती.

८ मे, मंगळवार

आज मी म्हटलं, बास झालं, पट्टे बाहेर काढू. होऊ दे एक दिवस माल बंद, जरा श्वास घेऊ. बायका अंगावर आल्या. हिशोबाने चाललेली घरं आहेत सगळ्यांची, त्यांचं तरी काय चुकलं? मालक तर हातच जोडायला लागला. "आज आठ आणि उद्या पंचेचाळीस दाखवलं तर चौकशी लागेल. बक्षीस घेतलंय आपण! आता मागे फिरता येत नाही."

वन्संकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "चालू दे. पाऊस आला की होईल सगळं ठीक."

सगळं पावसावर ढकलायचं. आम्हीही, आणि टीव्हीवरचे ते कोटवालेही.

१० मे, गुरुवार

वन्सं दवाखान्यात आहेत. लिहवत नाही.

११ मे, शुक्रवार

लिहितेच. नाहीतर डोकं फुटेल.

काल चौथी गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. माझ्याकडे चादर आली, कोपरा दुमडलेला. मी पाहिलं. पाहिलं मी! मनात म्हटलं, दमा हो वन्सं, एवढी गाडी जाऊ द्या, मग पोटभर थांबू. कोपरा हाताने सरळ केला आणि घडी घातली. पुढची आली, परत कोपरा. तीही घडी करून ठेवली. त्यानंतरची आली ती दोन्ही कोपरे दुमडून. मी वैतागले! अहो कळलं मला, असं तोंडाने बोलले, मशीनच्या आवाजात, माझं मलाच ऐकू आलं नाही.

मग एक चादर तिरकी आली. वन्संच्या हातून तिरकी!

तेव्हा बटण दाबलं. पलीकडे धावले तर त्या खाली पडलेल्या, अंग तव्यासारखं तापलेलं, कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे, पण मला ओळखेनात. आम्ही फ्रीजमधल्या बाटल्या काढून अंगावर ओतल्या. बाटल्यांबरोबर पट्टे खाली पडले. आणि एकेक करून सगळे किंचाळायला लागले. बंद कसे करायचे ते कोणालाच माहीत नव्हतं.

१३ मे, रविवार

शुद्ध नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्या काम करत नाहीयेत, उशीर झाला. "किती दिवस अशा उष्णतेत काम करत होत्या?"

मी तोंड उघडायच्या आत मालकाने कंपनीचा कागद पुढे केला. त्यात वन्संच्या नावापुढे, घटनेच्या वेळी, आसपासचं तापमान आठ डिग्री! म्हणजे कामाचा आणि आजाराचा काही संबंध नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, वन्संच्या भाजल्यासारख्या कातडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मालक माझ्या शेजारीच उभा होता. बाकीच्या बायकांचं काय होईल, हे डोक्यात होतं. काय वाट्टेल ते डोक्यात होतं!

हे बाकावर बसून रडतायत. लहानपणी आईमागे आक्कानेच वाढवलं यांना. ऊन काय आज पडायला लागलंय, असं आता म्हणत नाहीत. दवाखान्यातल्या टीव्हीवर तीच चर्चा चालू होती. हे उठले आणि वायर ओढून बंद केला.

१४ मे, सोमवार

वन्संचा हात हातात घेऊन बसले. मनगटावर पट्ट्याचा मागमूस नाही. कसा असेल? घातलाच कुठे. जरा वेळाने त्यांची बोटं हलली. पांघरलेल्या चादरीची कड चिमटीत धरली आणि दुमडायला लागल्या.

मी थांबले वन्सं. बघा, सगळं थांबवलं. आता तरी डोळे उघडा हो!

१५ मे, मंगळवार

वन्सं गेल्या.

१७ मे, गुरुवार

लाँड्री चालूच आहे. रोलरवर नवी बाई घेतली. चादरी तिरक्या येतायत. पट्टे पुसून परत फ्रीजमध्ये ठेवलेत, वन्संचाही. कोणी काढायचं धाडस करत नाही, तोही तिथे बसून आठ डिग्री पाठवतोय. कंपनीच्या हिशोबी वन्सं अजून कामावर आहेत!

ह्यांच्याशी बोलले. पहिल्यांदाच सांगितलं, युक्ती माझी होती म्हणून. ह्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "जा आणि सांगून ये. निदान माझी आक्का आठ डिग्रीत मेली असं तरी कोणाच्या कागदावर राहायला नको."

काम जाईल. माझंही आणि सगळ्यांचंही. शिव्याशाप मिळतील. मिळू देत.

१९ मे, शनिवार

हिरव्या साहेबाच्या ऑफिसात गेले. इतका गारठा की दात वाजत होते. सगळं सांगून टाकलं. पट्टे हातात नव्हतेच, फ्रीजमध्ये होते. डोकं माझं, पाप माझं. मला पोलिसात द्या, पण तो कागद बदला.

तो हिरव्या बाटलीचं झाकण फिरवत बसला. मग उठून दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "आठ डिग्रीत कुठे लाँड्री चालते का हो, ताई? पट्ट्यांबरोबर फ्रीज काय उगीच पाठवला होता?"