राहिलेली नमाज, टांगलेलं लोखंड

अम्मीला तिच्या क्रेनवाल्या लेकीचा सलाम.

मी ठणठणीत आहे. शिडी चढून गुडघे जरा कुरकुरतात, तेवढंच. तुझा खोकला थांबला का?

चाचा म्हणे तुला सांगतात, "पोरीच्या नमाजा चुकतायत, परत बोलाव तिला." हो, मंगळवारी दुपारची चुकली. टनभर लोखंड हवेत, खाली माणसं, आणि उतरवायला जागा मोकळी होईना. तसंच टांगून खाली येऊ? पाय जमिनीला लागल्याबरोबर स्टोअरच्या कोपऱ्यात चादर अंथरली. आधी दुपारची राहिलेली कजा म्हणून अदा केली, मग चालू वेळची. मुकादम म्हणाला, "एक राहिली तर काय बिघडलं?" मी म्हटलं, "तुमचं नाही, माझं बिघडतं. दिवा तेवढा चालू ठेवा."

इथं मुकादमाला पुरून उरले, आता तिकडे चाचा! त्यांना विचार, दुकानात गिऱ्हाईकांची गर्दी असताना त्यांची कधी राहिली नाही? तेव्हा दुकानाला टाळं लावा, असं कुणी म्हणालं?

मी येणार नाही. राहिलेली नमाज भरून काढता येते, अम्मी. एकदा खाली उतरवलेल्या पोरीला पुन्हा वर कोण चढू देतंय?

तुझ्याच वळणावर गेलेली,
थोरली