दिवा इझत कसा नाय

सर, आज सकाळी गॅस बंद केल्यावरही तव्यावरची शेवटची भाकरी टम्म फुगली आणि तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

कल्याणच्या शाळेत तुम्ही फळ्यावर खाडी काढली होती, शेजारी एक वाकडी होडी. तारेतली वीज आपल्या खाडीसारखी, भरतीला आत शिरते, ओहोटीला मागे फिरते, असं तुम्ही म्हणालात. विज्ञानाचं आणि माझं वाकडं होतं. त्या वर्षी नापास झाले असते तर आय माझ्या डोक्यावर मासळीची पाटी देणार होती, ते ठरलेलंच होतं. पण खाडी मला कळायची. मी उठून विचारलं, "सर, मंग मधी पानी थांबतं तवा दिवा इझत कसा नाय?" वर्ग खो खो हसला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "इझत नाही, विझत म्हणावं. बस खाली." मी खाली बसले ती मनातून शाळा सोडूनच.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी आणि तुम्ही आमच्या दारात, धोतराच्या काठाला चिखल. आय घाबरते. "मास्तर, पोरीनं काय केलं का?"

"तिनं नाही, मी," तुम्ही म्हणता आणि माझ्याकडे वळता. "काल मी तुझा शब्द सुधारला, प्रश्न तसाच टाकून दिला." आयने नुकतीच चुलीतली लाकडं मागे ओढलीयत, तव्यावर तांदळाची भाकरी आहे. तुम्ही तिच्याकडे बोट दाखवता. "जाळ काढला, तरी भाजतेय ना? दिव्यातली तार अशीच तापलेली असते. वीज क्षणभर थांबते खरी, पण तार निवायच्या आत परत येते." मग ती भाकरी तुम्ही आमच्याच घरात बसून मिठाबरोबर खाल्लीत. आय आळीभर तेच सांगत फिरली.

मी शाळेत परत आले, शिकले, पुढे शिकवलंही. फळ्यावर तवा काढला की माझा वर्ग हसायचा, मी हसू द्यायची.

हे पत्र कुठे पाठवणार, तेव्हा इथेच सांगते. आमच्या घरी तेव्हा विजेचा दिवा नव्हता, आणि तव्याचं ते मला त्या दिवशी अजिबात कळलं नव्हतं. तुम्ही चिखल तुडवत आलात म्हणून मी मान डोलावली. कळलं ते लग्नानंतर, विजेच्या दिव्याखाली, माझ्या स्वतःच्या चुलीपाशी. तेव्हा सांगायला तुम्ही नव्हतात.