बाई गटात जे बोलल्या

शनिवार, ५ जुलै
पुन्हा प्रशिक्षण! शाळा सुटल्यावर दोन तास. यंदा व्याख्यान नाही म्हणे — गट. एकमेकांच्या तासाला बसायचं, शनिवारी मोकळेपणानं बोलायचं. आमच्या गटात विज्ञानाच्या बाई, पीटीचे सर, चित्रकलेची नवी मुलगी आणि मी, गणितवाली. मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "इथलं इथंच राहील. ख्रिस्ती शाळेतला शिक्षक आधी स्वतःशी खरा हवा." आम्ही माना डोलावल्या. पोटात कावळे ओरडत होते.

शनिवार, १२ जुलै
पीटीचे सर माझ्या तासाला बसले होते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही मुलांशी नाही, फळ्याशी बोलता." राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

शनिवार, १९ जुलै
आजचा विषय — वर्गात श्रद्धा कशी दिसावी. सरांचे विनोद चालले होते, चित्रकलेवाली कागदावर फुलं काढत होती. आणि बाई एकदम म्हणाल्या, "मला आता प्रार्थना करता येत नाही."

आधी कुणाला कळेचना. मग त्या सांगत गेल्या. लेक गेली तेव्हापासून असं. सकाळी वर्गासमोर उभ्या राहतात, हात जोडतात, सगळे शब्द नीट म्हणतात — आत काही नाही. "मुलं डोळे मिटतात. मी उघडेच ठेवते. त्यांच्याकडे बघत बसते. ह्यातलं कोण कधी जाईल, एवढंच मनात येतं."

सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी बाईंचा हात धरला. गार होता.

निघताना म्हणाल्या, "हलकं वाटलं गं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्रशिक्षणाचा कुणाला उपयोग झाला!

गुरुवार, २४ जुलै
बाई तासभर सिस्टरांच्या ऑफिसात. दार बंद. बाहेर आल्या त्या थेट प्रयोगशाळेत. शिपायाच्या हातात चाव्या दिल्या आणि गेल्या. उद्यापासून येणार नाहीत!

सिस्टरांना गाठलं. "झालं ते त्यांच्या भल्याचंच आहे. जास्त विचारू नका. प्रार्थना करा त्यांच्यासाठी." अंगाचा तिळपापड झाला.

बाई फोन उचलत नाहीत.

आम्हा चौघांतच होतं ते. फोडलं कुणी?

शनिवार, २६ जुलै
बोलले मी. तोंडावर बोलले. "सर, रविवारी चर्चमध्ये सिस्टरांच्या शेजारी तुम्हीच बसता ना?"

सर बघतच राहिले. "मॅडम, मी?"

"मग काय भिंतींनी सांगितलं?"

चित्रकलेवाली खाली मान घालून म्हणाली, "मलाही तेच वाटत होतं."

सरांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "आज मीसुद्धा काहीतरी सांगायला आलो होतो. राहू दे." खुर्ची नीट आत सरकवून गेले.

चोराच्या उलट्या... जाऊ दे. झोप येत नाही.

बुधवार, ३० जुलै
स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलंय. सर आत आले की बोलणं थांबतं. आज ते डबा घेऊन खेळाच्या सामानाच्या खोलीत जेवायला बसले. दार अर्धवट उघडं होतं. मला दिसले. मी आत गेले नाही.

शनिवार, २ ऑगस्ट
सरांनी नोकरी सोडली. घरगुती कारण म्हणे. मैदानावर मुलं नुसतीच उभी होती.

बरं झालं, असं मी मोठ्यानं म्हटलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट
बाईंच्या घरी जाऊन आले. म्हटलं, "तुमची चुगली करणारा गेला एकदाचा. आम्हीच घालवला."

"कसली चुगली?" बाई म्हणाल्या. "मीच गेले होते सिस्टरांकडे. तुमच्यापुढे खरं बोलले, मग वर्गात खोटं उभं राहवेना. सिस्टर नको नको म्हणत होत्या. मीच सोडली नोकरी. कुणाला सांगू नका, हेही मीच म्हटलं."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कोण गेलं गं?"