उलटं सील

३ जून, मंगळवार

लॅपटॉप गेला. म्हणजे पंखा घरघरतोय, बटणाचा दिवा लागतोय, पण स्क्रीन काळी ठिक्कर. कॉलेजच्या ग्रुपवर एकेकाचे निकाल येत होते, रागाने झाकण आपटलं, तेव्हापासून. माझा राग वस्तूंवर निघतो. माणसांवर काढला की काय होतं ते कॉलेजात बघून झालंय.

मी म्हटलं मागचे स्क्रू काढतो, फार तर आतली, स्क्रीनला जोडणारी पट्टी निघाली असेल. व्हिडिओत बघितलंय, चहा गार व्हायच्या आत होतं.

बाबा म्हणाले, "हात लावू नकोस. वॉरंटीत आहे."

बाबांचा देवावर नाही एवढा वॉरंटीवर विश्वास. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं खोकं ते जपून ठेवतात, आत बिलासकट. कपाटावर खोक्यांची वेगळी वसाहत आहे. मिक्सर कधीच भंगारात गेला, त्याचं खोकं नवंकोरं.

मी जरा वाद घातला. तर म्हणाले, "कॉलेज उघडून बघितलंस, ते तुला मिटवता आलं नाही. आता हे उघडू नकोस."

माणूस जेवत असताना असं बोलतात?

लॅपटॉप ताईने घेऊन दिलेला, 'कॉलेजसाठी'. दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं, लॅपटॉप नाही सोडला. आता यावरच दुकानांचे बोर्ड करून देतो. हा बंद म्हणजे मी बंद.

४ जून

सर्व्हिस सेंटर. दारावर लिहिलंय 'ढकला', आणि दार ओढल्याशिवाय उघडत नाही. येणारा प्रत्येकजण आधी दाराला धडकतो, मग आत येतो. आत जोडखुर्च्या — एकजण खोकला की अख्खी रांग हलते. भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचा फोटो. चौघं मिळून एका लॅपटॉपकडे बघून इतकी खूश आहेत, त्यांचा चालू असणार.

काउंटरवर एक मुलगी. लॅपटॉप उघडला, बटण दाबलं, मिटवला. म्हणाली, "बघावं लागेल. ठेवून जा."

"काय बघायचंय त्यात? पट्टी निघालीये. उघडा, बसवा, मिटवा. मी घरीच केलं असतं."

"मग का नाही केलंत?"

"वॉरंटी जाईल म्हणून."

"म्हणूनच बघावं लागेल. ठेवून जा."

मग मी तापलो. कंपनी, टोकन, दारावरची पाटी, खुर्च्या — सगळ्यांचा उद्धार केला. मागचे आजोबा उठून लांब जाऊन बसले. ती ऐकून घेत होती. मध्ये एकदा पेनाला टोपण लावलं, बस. माझं संपल्यावर कागद पुढे सरकवला. "ओरडून झालं असेल तर इथे सही करा."

केली. सही माझ्यासारखी आली नाही.

४ जून, संध्याकाळ

तिच्या डाव्या तळहाताला शाई लागली होती. हे मी का लिहितोय?

७ जून

तिचं नाव माहीत नाही म्हणून मी ठेवलंय — बघावं-लागेल. ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "आधी लॅपटॉप दुरुस्त होऊ दे, मग तुझं बघू."

९ जून

मिळाला. आतून एक तंत्रज्ञ आला, शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे चिमटा. चिमट्याच म्हणतो त्याला. "स्क्रीनची पट्टी सुटली होती. क्लिप उघडली होती, परत दाबून बसवली."

म्हणजे मी बोललो तेच! पण भांडायला तोंड उघडलं तर बघावं-लागेल मागच्या स्क्रूवर कागदी सील लावत होती. नखाएवढं, त्यावर तारखेचा शिक्का. लॅपटॉप पालथा, बिजागरी स्वतःपासून लांब, तारीख सरळ. अंगठ्याने असं हळू दाबलं की मी गप्पच झालो.

"हे फाटलं की वॉरंटी गेली," ती म्हणाली. आजवर माझ्याशी बोललेलं तिचं सगळ्यात प्रेमळ वाक्य.

घरी येऊन चालू केला. लख्ख चालतोय. चालू लॅपटॉपकडे बघून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. आता तिथे जायचं कशाला? दाराला धडकायला?

१२ जून

केलं.

ताईचा केस वाळवायचा ड्रायर घेतला. सीलवर गरम हवा मारली, गोंद मऊ झाला, सील अख्खं निघालं. आरशाच्या काचेवर चिकटवून ठेवलं. स्क्रू काढले, आतली क्लिप नखाने उचलली, पट्टी किंचित मागे ओढली. परत सगळं बंद, सील जागेवर. बटण दाबलं — काळी ठिक्कर. वा!

लोक वस्तू दुरुस्त करायला शिकतात. मी चालू लॅपटॉप बिघडवायला शिकलो. बाबांना सांगता येत नाही, नाहीतर हातांत कला आहे हे तरी पटलं असतं.

ताई दारात उभी. "ड्रायर कशाला? डोक्यावर केस तरी आहेत का तेवढे?"

१३ जून

"परत?" बघावं-लागेल म्हणाली.

मी चेहरा पाडून, "परत."

"बघावं लागेल."

इतका गोड आवाज आहे. पण आज एक वाईट दिसलं. जेवायच्या सुट्टीत ती आणि चिमट्या एकाच डब्यातून खात होते. चमचे दोन, डबा एक. तिने त्याला काहीतरी सांगितलं, तो हसला. त्या चिमट्याला हसण्यासारखं काय सापडलं?

मी बाहेर पडायला दार ढकललं. आतून ढकलावंच लागतं, तरी लागलं.

१७ जून

आजचा दिवस फ्रेम करून ठेवावा असा.

लॅपटॉप परत देताना तिने चालू करून दाखवला. स्क्रीनवर मी केलेला बोर्ड, किल्लीवाल्यासाठीचा — 'किल्ली हरवली? घाबरू नका. आम्हीही दारातूनच येतो.' ती वाचून हसली. दात दिसेपर्यंत.

"हे तुम्ही करता?"

"हो."

"आमच्या दारावर पण कुणीतरी नीट लिहायला हवं. लोक डोकी फोडून घेतात."

तेवढ्यात पुढचं टोकन ओरडलं. नवं सील लावलं, मला वाटेला लावलं. नीट काही बोलता आलं नाही. अपुरं राहिलं. अपुरं ठेवून कसं चालेल?

१८ जून

ड्रायर.

लाज? थोडी वाटली. सील काढेपर्यंत. नंतर कामाच्या गडबडीत विसरलो.

१९ जून

तिसऱ्यांदा. या वेळी तिने नुसतं टाइप केलं. तिच्या मागून साहेब आले — तिथले मुख्य, गळ्यात ओळखपत्र, नाकावर घाम. तिच्या स्क्रीनवर बघून म्हणाले, "तीच तक्रार? तिसऱ्यांदा?" आणि आतल्या दाराकडे बघितलं. चिमट्या तिथेच उभा होता.

दारासाठी दोन पाट्या केल्या होत्या, बाहेर 'ओढा', आत 'ढकला'. पिशवीत होत्या. द्यायला जमलं नाही.

२४ जून

नवा लॅपटॉप मिळाला.

कंपनीचा नियम — तीच तक्रार तीनदा आली की जुना उघडायचाच नाही, गिऱ्हाइकाला नवीन. साहेबांनी हात मिळवला, क्षमा मागितली. माझी. खोकं हातात. या लॅपटॉपला काही झालेलं नाही. मला तिथे जायचं कारण कायमचं संपलं, आणि वर अभिनंदन.

एवढंच असतं तर रडत घरी आलो असतो. पण सही करताना आतून साहेबांचा आवाज ऐकू येत होता. "एक पट्टी तुम्हाला धड बसवता येत नाही? गुरुवारी वरची माणसं येतायत. तोवर दुसरीकडे काही मिळतंय का बघा."

चिमट्या म्हणत होता, "साहेब, मी नीट बसवली होती." परत परत तेच. "मी नीट बसवली होती."

बसवली होतीच.

काउंटरवर ती कागदांवर शिक्के मारत होती. टेबल हादरत होतं. नाक लाल.

२५ जून

बाबा खूश. नवं खोकं कपाटावर चढवायची तयारी. "बघ. हात लावला नाहीस म्हणून मिळालं."

मी म्हटलं, खोकं अजून उघडलं नाहीये, राहू द्या इथेच.

सगळं सरळ आहे. मी गप्प बसलो तर लॅपटॉप माझा, चिमट्या बाहेर, डबा तिचा एकटीचा. काही दिवसांनी सहज तिथून चाललो होतो म्हणून डोकावायचं. बोललो तर लॅपटॉप गेला, वॉरंटी गेली, ती तर गेलीच — आणि त्या दोघांचा संसार माझ्यामुळे सुखाचा. म्हणजे मी काय त्यांच्या लग्नात वाढायला उभा राहू?

हे लिहून झाल्यावर वाचलं. माणूस म्हणून मी फारच टाकाऊ निघालो.

मी नीट बसवली होती, मी नीट बसवली होती. दिवसभर डोक्यात तेच.

२६ जून, गुरुवार

जाताना ठरवलं होतं शांतपणे सांगायचं. साहेबांना बाजूला घेऊन, दोन वाक्यांत.

आत गेलो तर वरची माणसं आधीच आलेली, चिमट्याला मध्ये उभं केलेलं, आणि एकजण त्याला विचारतोय, "कामात लक्ष नसतं का?" झालं. मी खोकं काउंटरवर आपटलं आणि सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल असं ओरडलो — "त्याची काही चूक नाही. पट्टी मी काढत होतो. घरी. दोनदा!"

सगळे माझ्याकडे. भिंतीवरचं कुटुंब तेवढं हसतंय.

साहेबांना पटेना. "हातात आलेला नवा लॅपटॉप कुणी परत करतं का? तुम्हाला यानेच पाठवलंय." चिमट्या म्हणाला, "मी याला धड ओळखत पण नाही." मी म्हटलं, सील ड्रायरने काढलं. ते म्हणाले, सील अख्खं आहे. मी म्हटलं, तेच सांगतोय, अख्खंच काढलं. वेड लागायची वेळ. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय आणि पुरावा मीच इतका नीट चिकटवून ठेवलेला!

तेव्हा ती उठली. मागच्या फळीवरून माझा जुना लॅपटॉप काढला, पालथा केला, साहेबांसमोर ठेवला.

"सील उलटं आहे. तारीख खाली डोकं वर पाय. मी कधी असं लावत नाही. हवं तर फळीवरचे बाकीचे बघा."

त्यांनी एकेक पालथा करून बघितला. सगळे सरळ. माझा एकच उलटा.

पुढचं भराभर झालं. नवा लॅपटॉप कपाटात. जुना माझ्या हातात, वॉरंटी रद्द. साहेबांनी सांगितलं, परत या दारात दिसायचं नाही.

"का केलंत?" असं तिने विचारलं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे. मग तिचे कान लाल झाले, आणि रागाने की कशाने कळायच्या आत ती म्हणाली, "इकडे याची नोकरी जायला आली होती. मी रोज साहेबांशी भांडत होते. आणि तुम्ही ड्रायर घेऊन बसला होतात."

पाट्या काउंटरवर ठेवल्या, निघालो.

चिमट्या मागून पायऱ्यांपर्यंत आला. वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"भावा, क्लिपला एक ओरखडा नाही. शिकलास कुठे?"

"व्हिडिओ बघून." मग राहवलं नाही. "सांभाळा तिला."

"कुणाला?"

"त्या... डब्यातलीला."

तो पायरीवरच बसला. हसून हसून चिमटा खिशातून पडला. "अरे येड्या, मेहुणी आहे ती माझी. बायको दोघांचं एकाच डब्यात भरून देते, दोन डबे घासायला नकोत म्हणून."

२७ जून

बाबांना सांगितलं. त्यांनी स्टूल घेतलं, माझ्या लॅपटॉपचं जुनं खोकं कपाटावरून उतरवलं, बिल काढून घडी घातली, आणि खोक्यात चपला भरल्या. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

२८ जून

स्वतःच उघडला. पट्टी बसवली, क्लिप दाबली. चहा गार झाला नाही. सील ओरबाडून टाकलं.

१ जुलै

ताई सर्व्हिस सेंटरवरून आली, मुद्दाम वाट वाकडी करून. मी विचारलं नव्हतं. म्हणाली, "दारावर नव्या पाट्या लागल्यात. कुणी धडकत नाही आता." मग ड्रायर घेऊन आपल्या खोलीत गेली.

६ जुलै, रविवार

दुपारी दारात ती. खांद्याला पिशवी. "पत्ता फॉर्मवर होता," म्हणाली.

पिशवीतून लॅपटॉप काढला. तिचा स्वतःचा. "स्क्रीन येत नाहीये."

"वॉरंटी?"

"आहे की. अजून वर्षभर."

आतून बाबा ओरडले, "मग हात लावू नकोस!"

मी पालथा केला. बिजागरी लांब धरली. स्क्रूवर नखाएवढं सील, कडा नीट दाबलेल्या. तारीख खाली डोकं वर पाय.

वर बघितलं तर ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. कान लाल.

"तू उघडून बघ ना," म्हणाली. तू.

मी उघडला नाही. मिटवून छातीशी धरला.

"बघावं लागेल," मी म्हटलं. "ठेवून जा."