नारूचं वर्ष

माय, तुझ्या पायातून नारू निघाला ते वर्ष अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दसरा होऊन गेला होता. बीडकडल्या शिरूरच्या आजूबाजूची गावं गाड्या जुंपून ऊसतोडीला निघाली होती, आणि नेमका तेव्हाच तुझ्या घोट्याजवळ फोड आला, असा जळजळणारा की तू पाय बादलीत घालून बसलीस. फोड फुटला आणि पाण्यात पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी वळवळलं. तू ओरडली नाहीस. "आला मुडदा," एवढंच म्हणालीस. बा म्हणाला, तुझ्याऐवजी पोरीला नेतो, मोळ्या बांधील. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. "अन् मला पाणी कोण पाजंल?" तू म्हणालीस. "पोरगी हितंच ऱ्हाईल." शेवटी बा आत्याला जोडीला घेऊन गेला.

मागं उरलेल्या गावाला माझ्या आठवणीत आवाजच नाही. दारांना कड्या, ओट्यावर दोन-चार म्हाताऱ्या, आणि सगळीकडं पसरलेलं हिवाळ्याचं पातळ ऊन. तू बाजेवर पडलेली आहेस, पाय गोधडीच्या गुंडाळीवर, नारूचं टोक एका काडीला गुंडाळलेलं. रोज सकाळी तू त्या काडीला जरासा पीळ देतेस, ओठ दाबून, अगदी सावकाश, कारण मधेच तुटला तर आत सडेल आणि पाय जाईल. मी श्वास धरून बघते. मग तू म्हणतेस, "जा आता शाळंत. मला काय धाड भरली न्हाई." दुपारी परत आले की मला पुस्तक वाचायला लावायचीस. तुला अक्षर येत नव्हतं. मी चुकले तर तुला कळायचं नाही, पण अडखळले की बरोबर कळायचं. "परत म्हण." वाचता वाचता ऊन बाजेखालून सरकत पलीकडच्या भिंतीवर चढायचं, तुझे डोळे मिटायचे, मला वाटायचं झोपलीस, पण मी थांबले की तू डोळे उघडायचीस.

संक्रांतीच्या आधीच नारू पुरता निघाला. काडीसकट तू तो चुलीत टाकलास. एका सकाळी पाटी विसरली म्हणून मी शाळेच्या वाटेवरून मागं फिरले, तर तू भरलेली घागर कमरेवर घेऊन सरळ चालत येत होतीस. घरात आलीस आणि सुकलेल्या जखमेवर पुन्हा फडकं गुंडाळलंस.

"कावून बांधतीस? बरा झालाय की."

"गप. तुझी परीक्षा हाय न्हवं?"

त्यानंतर बा आला. आत्या तापानं पडली होती, आता तो आपल्या दोघींना न्यायला आला होता. तू बाजेवर कण्हत होतीस. नारू आत होता तेव्हाही तुला असं कण्हताना मी ऐकलं नव्हतं. मी कोपऱ्यात बसून पुस्तक वाचत होते, मोठ्यानं, कारण थांबले असते तर रडले असते. बा उंबऱ्यात बसून राहिला. भाकरी खाल्ली. तुझ्या पायाकडं बघितलं. आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला.

माझी शाळा त्यानंतर सुटली नाही. मी बीडला कॉलेजात असताना उसाच्या फडावरून तुझ्या तापाचा निरोप आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता मी पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. नारू आता आपल्याकडं कुणाच्या पायातून निघत नाही, माय. मी वाचते तो त्याचा लांबचा नातलग, माणसाला हत्तीरोग देणारा जंत. तो कसा घडायचा हे त्याच्या अंगातच, डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेलं असतं, लाखो वेळा उलटसुलट. जगभरच्या प्रयोगशाळांनी ते वाचायचं काम वाटून घेतलंय, त्यातले थोडे तुकडे आमच्या वाट्याला आलेत. उजेडाच्या पेटीवर त्या तुकड्यांची फिल्म ठेवायची आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा, रेघेला एक अक्षर, खालून वर वाचत जायच्या. बराच वेळ वाचलं की खोली विरत जाते, शेजारच्या यंत्राची घरघर लांब जाते, आणि मी अक्षरं मोठ्यानं म्हणत असते. बरोबरची माणसं हसतात. मला ते उशिरा कळतं.

परवा गावी गेले होते. एसटी स्टँडजवळ आता फोनची पिवळी टपरी झालीय, पोरं केबलवर मॅच बघत बसतात. बा थकलाय. त्याला माझं काम सांगितलं.

"त्या जंताचं वाचून व्हतंय काय?"

"पुढं औषध सापडंल त्याच्यावर."

त्यानं तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "तुझ्या मायचा पाय बरा झालता. मला दिसलं व्हतं."

"मग आमाला नेलं कावून न्हाई?"

"तू वाचत व्हतीस," बा म्हणाला.

त्या हंगामात मग पुढं त्यानं ऊस एकट्यानं तोडला आणि मोळ्याही एकट्यानंच बांधल्या, हे आत्यानं मला कधीच सांगितलं होतं. मी इतकी वर्षं तो त्याचा हट्टीपणा समजत आले. उठले आणि चहा टाकला.

तू उगाच कण्हलीस, माय.

हे पत्र कुठं जायचं नाही, टेबलाच्या खणातच राहील. म्हणून आणखी एक लिहिते. प्रयोगशाळेत आम्ही सगळे त्या जंताला शत्रू म्हणतो, पाहुण्यांपुढं बोलताना मीही म्हणते. पण मला त्याचा राग अजून एकदाही आलेला नाही.